गेक निओची विहीर

मलाक्क्याच्या हीरेन स्ट्रीटवरच्या त्या घरात स्वी किम रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. दाराचा अडसर काढायचा, चौकातल्या विहिरीचा कठडा पुसायचा, दालनातल्या कोरीव लाकडी पडद्यामागचा दिवा लावायचा आणि पर्यटकांची वाट बघत बसायचं. घर एका जुन्या बाबा-चिनी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथं रुजलेल्या चिनी घराण्यातल्या व्यापाऱ्याचं. नातवंडं परदेशी गेली आणि घराचं संग्रहालय झालं. स्वी किमची आजी याच घरात स्वयंपाकीण होती. आता नात आलेल्यांना घर दाखवत होती, तेही पुढच्या दारानं आत नेऊन. आईला याचं फार अप्रूप होतं.

पण गर्दी सगळी नदीकडे, किल्ल्याच्या वेशीकडे जायची. घर सांभाळणारा आल्विन वैतागलेला असायचा.

"किम मावशी, लोकांना कपाटं आणि कपबश्या नको असतात हो. जरा मसाला घाला. एखादं भूतबीत नाही का इथं?"

"नाही रे बाबा. इथं सगळे आपापल्या अंथरुणात मेले."

आणि एका दुपारी, जांभया देणाऱ्या एका घोळक्यासमोर, तिच्या तोंडून निघून गेलं, "या विहिरीत ना, घरातल्या धाकट्या मुलीनं उडी घेतली होती..."

माना वळल्या. जांभया थांबल्या. आता मुलीला नाव हवं होतं, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं नाव आपसूक जिभेवर आलं. गेक निओ. मग नदीवरचा एक नावाडी आला, वाढतं पोट आलं, माडीवरची कोंडलेली खोली आली. शेवटी किम जरा थांबून म्हणायची, "नावाड्याला छान पोहता येत होतं. हिला तेवढं शिकवायचं राहिलं!" लोक खो खो हसायचे. महिनाभरात दारात रांग लागायला लागली.

गेक निओ खरीच होती, याच घरची धाकटी लेक. पण तिच्या आयुष्यात नावाडी नव्हता. स्वयंपाकिणीच्या तान्ह्या मुलीला घटसर्प झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माडी सोडली. ही एकटी त्या पोरीला उराशी धरून बसली. पोर वाचली. गेक निओ त्याच दुखण्यानं गेली. ती वाचलेली पोर म्हणजे स्वी किमची आई. आई तिला बिबिक, म्हणजे मावशी म्हणायची आणि घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या शेजारी तिच्या नावाची उदबत्ती लावायची. हल्ली संध्याकाळी तो वास आला की किम उठून मोरीत जायची आणि उगाच भांडी घासत बसायची.

काही दिवसांनी घोळक्याच्या मागे, पडद्यापाशी, एक बाई दिसायला लागली. अंगात विटका कबाया, जुन्या वळणाचं भरतकामाचं पोलकं, खाली लुंगीसारखं सारोंग. तसले कपडे भाड्यानं घेऊन फोटो काढत फिरणाऱ्या बाया गल्लीत ढिगानं होत्या, म्हणून किमनं लक्ष दिलं नाही. फक्त ही हसत नव्हती. दुसऱ्या वेळी तिच्या सारोंगचे काठ ओले होते. पुढे कमरेपर्यंत ओली. मग केसांतून पाणी निथळायला लागलं... टप्... टप्... आणि थंडगार फरशीवर कापराचा वास दरवळत राहायचा.

"ती नटी तू आणलीस का रे?" किमनं आल्विनला विचारलं.

"कसली नटी? उलट मीच विचारणार होतो, हे पाणी कोण सांडतं? नळ त्या टोकाला. आणि विहीर तर कधीच वाळू टाकून बुजवलीय."

किमनं कठड्यावरून वाकून पाहिलं. वाळू कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी आई आली. लेकीला चकित करायचं म्हणून, न सांगता. ठेवणीतला कबाया घालून, दिवे लावलेल्या, गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षातून नव्या नवरीसारखी. डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी गर्दीत कुठं उभी होती ते किमला कळलंच नाही. किमनं नावाडी सांगितला, पोट सांगितलं, नेहमीच्या जागी थांबून पोहण्याचा विनोद केला. हशा पिकला. हशा ओसरता ओसरता तिला पुढच्या दाराकडे चाचपडत निघालेली आईची पाठ दिसली.

ती घरी पोचली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. उजवी मूठ गच्च मिटलेली.

"आई... अगं, ते लोकांना आवडतं म्हणून..."

"माझा हात कुणीतरी धरला होता," आई म्हणाली.

"दिसत नाही तुला, दिला असेल कुणी आधार."

"ओला होता तो हात, किम. माझी आई सांगायची, बिबिक गेक तापानं नुसती फणफणत होती. घोटभर पाणी घशाखाली उतरत नव्हतं तिच्या. अंथरुणात गेली ती, कोरडी गेली. मग ती ओली का होती? काय करून ठेवलंस तू तिचं?"

किमला वर बघवेना.

"मला कानात विचारलंन... 'ही बोलतेय ती कुणाची लेक गं?'"

"मग... तू काय सांगितलंस?"

"लाज वाटली मला." आईचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हटलं, माहीत नाही."

मग आई म्हणाली, "जा. तूच सांग तिला."

सकाळी घोळका विहिरीपाशी आला. आल्विनही कौतुकानं येऊन उभा राहिला. किमनं विहिरीच्या कठड्यावर हात टेकला.

"गेक निओनं उडी घेतली नाही. नावाडी नव्हता. मूलही नव्हतं. सगळं मी रचलं. तिनं एका स्वयंपाकिणीची तान्ही पोर वाचवली आणि स्वतः गेली. मी त्या पोरीची लेक... स्वी किम."

कुणी हसलं नाही. पडद्यापाशी ती बाई उभी होती. केस कोरडे, सारोंगला खळीची कडक घडी. तिनं किमकडे एकदा नीट पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत पुढच्या दारानं उन्हात निघून गेली. आल्विन संतापून ओरडत होता. किम बाहीनं डोळे पुसत होती. किती दिवसांनी तिला मान वर करावीशी वाटली.

चार वाजता तिकीटखिडकी बंद झाली. शेवटचा पर्यटक गेला. किम दिवा मालवत होती तेव्हा आल्विन जिन्यापाशी थबकला.

"मावशी, कुणाचं तरी मूल वर राहिलंय बघा."

तिनंही ऐकलं. अगदी तान्हं, दोन-चार दिवसांचं रडं. ती जिना चढली. गोष्टीत तिनं गेक निओला कोंडलं होतं त्या बंद खोलीतून आवाज येत होता. कुलूप बाहेरून होतं, गंजलेलं. आतलं रडणं भुकेलं होतं, घसा सुकेपर्यंतचं. गेक निओला मूल नव्हतं. आज सकाळीच किमनं चारचौघांत तसं सांगितलं होतं. गेक निओ मोकळी होऊन निघूनही गेली होती. वाढतं पोट फक्त किमच्या गोष्टीत होतं. मग हे...

"कोण... कोण आहे आत?" किम कशीबशी म्हणाली.

तिचा आवाज कानावर पडताच रडणं थांबलं. आईचा आवाज ओळखून तान्हं मूल थांबतं ना, अगदी तसं.