काहिलीला कळेना, चुलवाणाला दिसेना

एक गोळी माणसाला शांत करते. दुसरी गोळीही शांत करते. दोन्ही खऱ्या, दोन्ही शहाण्या डॉक्टरांनी दिलेल्या. मग त्या सकाळी बकुळाचे पप्पा हाक मारूनही उठेनात कसे?

गुऱ्हाळ सुरू होतं. आता घाणा उन्हाच्या विजेवर फिरत होता, पण गूळ मात्र अजून माणसाच्या डोळ्यानेच व्हायचा. बकुळाचे पप्पा गुळव्या होते. काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला रस कधी गूळ होतो, ते त्यांना बुडबुड्यांवरून कळायचं. खाली चुलवाणात वाळकी चिपाडं सारायला शिदूमामा असायचे. त्यांना सगळे जळव्या म्हणत.

आज काहिलीपाशी दुसराच माणूस उभा होता. पप्पा चिपाडाच्या ढिगाला टेकून पडले होते, तोंड उघडं, श्वास संथ. रस प्यायला आलेली माणसं हातातले पेले तसेच धरून बघत होती. त्यांत बकुळाच्या वर्गातली परिणीता होती आणि तिची आईही.

"दमलेत जरा," बकुळाची आई म्हणाली आणि पदराने त्यांचं तोंड झाकू लागली. वास लपवायला. बकुळाला ते कळलं आणि तिचे कान तापले.

शिदूमामांनी तोवर टिटवीला बोलावलं होतं. टिटवी म्हणजे नवा आरोग्य-रोबो. पाय काटकुळे, लांब, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. बांधावरून टुणटुण उड्या मारत ती आली. तिने पप्पांना कुशीवर वळवलं आणि त्यांच्या मनगटावर बोट टेकलं.

"श्वास मंद होतोय. दवाखान्याची गाडी निघालीय. यांनी काय काय घेतलंय? सगळं सांगा."

"झोपेची गोळी," आई म्हणाली. "तेवढीच."

आईने बकुळाकडे पाहिलं. ती नजर बकुळाच्या ओळखीची होती. धाकटे काका गेल्यापासून पप्पांना झोप लागत नव्हती, हसू येत नव्हतं. तालुक्याला मनाच्या दवाखान्यात जाताना आई बजावायची, "दारूचं नाव काढू नगं. तिथली नर्स माझ्या माहेरची हाय." आणि व्यसनमुक्ती केंद्रात (दारूसारख्या सवयीच्या तावडीतून सुटायला मदत करतात तिथे) जाताना सांगायची, "मनाचं बोलू नगं. येडा म्हणतील." बोलायचं काम बकुळाचं, कारण पप्पा मान खाली घालून बसत. तिने दोन्हीकडे अर्धं अर्धं सांगितलं होतं. खोटं एकही नाही. पण अर्धं.

परिणीता बघत होती. बकुळाला वाटलं, काहिलीखालच्या जाळात शिरावं.

"दोन गोळ्या," ती म्हणाली. "मनाच्या दवाखान्यातली एक, केंद्रातली एक. आणि... दारू. पप्पा दारू पितात."

कुणीतरी पेला खाली ठेवला. आईने डोळे मिटले.

"शाब्बास," टिटवी हळूच म्हणाली आणि लगेच गाडीतल्या डॉक्टरांशी बोलू लागली.

पप्पा वाचले. पण दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बकुळाची मान वर होईना. टिटवी पाय दुमडून शेजारी बसली.

"माझ्यामुळं झालं," बकुळा म्हणाली. "मीच लपवलं."

"जळव्याला काहिलीतला रस दिसतो का गं?"

"न्हाई. ते खाली असतात."

"आणि गुळव्याला चुलवाणातला जाळ?"

"त्योबी न्हाई दिसत. म्हणून तर पप्पा वरून ओरडतात, जाळ कमी कर म्हणून. मामा खालून 'व्हय' म्हणतात."

"आणि ओरडलेच नाहीत तर?"

"गूळ करपतो." बकुळा थांबली. "डॉक्टर ओरडले न्हाईत?"

"त्यांना ओरडायला वाटच नव्हती. दोन्ही गोळ्या मेंदूचा जाळ कमी करतात. दारूही तेच करते. तिघांनी एकदम कमी केला, तर श्वासाचा जाळही विझायला लागतो. एका डॉक्टरांना दुसरी गोळी ठाऊक नव्हती. दारू किती, ते कुणालाच नाही. शिवाय मन दुखलं म्हणून माणूस पितो आणि प्यायला म्हणून मन अजून दुखतं. आजार एकमेकांत गुंतलेले. दवाखान्यांची मात्र एकमेकांशी ओळखच नाही. एक म्हणतो, आधी दारू सोडा. दुसरा म्हणतो, आधी मन बरं करा. ही चूक सहावीतल्या मुलीची नव्हे, मोठ्यांच्या व्यवस्थेची."

"मग?"

"समन्वय (सगळ्यांनी एकमेकांशी बोलून एकच काम करणं). एकच दार, आत दोन्ही डॉक्टर, दोघांना पूर्ण गोष्ट ठाऊक. मी त्यांच्यातली हाक. पण तुझे पप्पा हो म्हणाले तरच. त्यांची गोष्ट त्यांची आहे, गावाची नाही."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती बकुळाशेजारी खाली बसली, आणि जुन्या सवयीने ओठातल्या ओठात गुणगुणली,

*वर उकळे गं रस, खाली जळतं चिपाड,*
*दोघांमधी कसं, बंद राहिलं कवाड?*

मग तिने बकुळाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "लेकराला पुढं केलं गं मी," ती म्हणाली.

पप्पा 'हो' म्हणाले. भिंतीकडे तोंड करून, पण म्हणाले.

हंगाम सरत आला तेव्हा ते पुन्हा काहिलीपाशी उभे राहिले. तिथे परिणीताची आई तांब्या घेऊन आली. "गाडीनं नेलं ते बघितलं. पन त्यानंतर कुठं हुता ओ भाऊजी इतकं दिस?"

"पाहुण्याकडं..." बकुळाच्या आईने सुरुवात केली.

बकुळाचे कान पुन्हा तापले.

"दवाखान्यात," पप्पा म्हणाले. नजर रसावरच होती. "दारूचं आन् मनाचं, दोन्हीचं. अजून जातोय."

परिणीताच्या आईने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मग हलक्या आवाजात विचारलं, "माझ्या भावाला घेतील का ओ तिथं?"

बकुळाने बांधाकडे बोट दाखवलं. टिटवी पलीकडच्या वाडीकडे निघाली होती, काटकुळे पाय उचलत.

"हाक मारू?" बकुळाने विचारलं.

काहिलीत बुडबुडे दाट झाले. पप्पांनी मान वर केली.

"शिदू, जाळ कमी!"

"व्हय!" खालून आवाज आला.