आप्पांच्या हातांची ठेव

दूधगंगा विद्यापीठाच्या तळघरात सगळ्या जिल्ह्याचे हात ठेवलेले होते. ओतकाम करणाऱ्यांचे, विणकरांचे, सुतारांचे, सूतगिरणीतल्या बायांचे. बघायला गेलं तर तिथं नुसती थंड कपाटं, पण डॉ. वैजयंता लोहार रोज सकाळी आत शिरताना चपला दाराबाहेर काढायची. तसा काही नियम नव्हता. तरी हळूहळू विभागातले सगळेच तसं करू लागले होते.

सायकल एकदा आली की माणूस ती विसरत नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली, अनुमस्तिष्क नावाचा भाग असतो. हाताचं कसब तिथं मज्जातंतूंच्या जोडण्यांच्या रूपानं घट्ट बसतं. विद्यापीठानं त्या जोडण्या टिपायची आणि दुसऱ्याच्या डोक्यात बसवायची युक्ती शोधून काढली होती. मात्र एका डोक्यात दोन मोठी कसबं नांदत नाहीत, एकमेकांत गुंततात. म्हणून नवं बसवण्याआधी जुनं काढून जपून ठेवावं लागे. त्यालाच ‘हातठेव’ म्हणत.

मंदी आली तेव्हा फाउंड्र्यांच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. मग गिरण्या बंद पडल्या, मग बाजारपेठ ओस पडली. उघडं राहिलेलं मोठं दार एकच होतं, विद्यापीठाचं. कुलगुरूंनी प्रयोगशाळा गावासाठी उघडल्या. वेधशाळांची भिंगं, कृत्रिम सांधे, नाजूक उपकरणं अशी कामं परदेशांतून मागवून आणली. ती करणारे कारागीर विद्यापीठात मोजकेच होते. त्यांची कसबं टिपून ती बेकारांना दिली गेली. आसपासचे जिल्हे रिकामे होत गेले. इथं मात्र कामासाठी कुणाला गाव सोडावं लागलं नाही. वैजयंताचा आवाज मुळात हळू, पण पाहुण्यांना हे सांगताना तोही चढायचा.

आणि तिच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास यायची: पहिली ठेव तिच्या वडिलांची होती. महादू लोहार, म्हणजे आप्पा, मोठ्या पंपाचे वाळूचे साचे बांधण्यात उस्ताद. लोक मेंदूला हात लावू द्यायला घाबरत होते, तेव्हा ते आपणहून पुढे झाले. “मंदी सरली की हात परत देईन,” असा शब्द वैजयंतानं त्यांना दिला होता.

आता मंदी सरली होती. ती भिंगशाळेत गेली तेव्हा आप्पा खिडकीशी बसून एक भिंग घासत होते.

“आप्पा, जरा बोलायचं होतं.”

“बोल की. हात कामात हाईत, कान रिकामंच हाईत.”

“तुमच्या तपासण्यांचा निकाल आला.”

“मग कवा बसवतीस माझं हात?”

वैजयंता समोरच्या स्टुलावर बसली. “साठीनंतर या जोडण्या ताठर होतात, आप्पा. काढलेलं परत बसत नाही. जबरदस्तीनं बसवायला गेलो तर भिंगाचं कसबही जाईल, साधा घासदेखील नीट उचलता येणार नाही. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. पण शब्द मी दिला होता.”

आप्पांनी भिंग फडक्यावर अलगद ठेवलं.

“मग त्या कपाटातल्याचं काय?”

“तेच विचारायला आले. मोठ्या पंपाचा साचा दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. तुमची ठेव चाळीस जणांना दिली तर सगळ्या भट्ट्या पेटतील. पण ठेवणारा हो म्हणाल्याशिवाय आम्ही ती कुणाला देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी कुलगुरूंना तसं सांगेन. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.”

“म्हंजे चाळीस जणांस्नी मिळणार, एक मला सोडून?”

“हो.”

“लई झ्याक न्याय केलासा की!” ते हसले, पण ते हसू तिला बघवेना. मग म्हणाले, “जलमभर घसा फोडून शिकवलं. शिकणारी दोन टिकली, ती बी पळाली शहराकडं. आन् आता एकदम चाळीस.” त्यांनी भिंग पुन्हा उचललं. “दे जा. पर आळशाला देऊ नगंस. माझं हात त्येच्या खिशातच पडून ऱ्हायचं.”

रेणुका फाउंड्रीची भट्टी पेटली त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. चाळीस जण ओळीनं साचे बांधत होते. सगळ्यांचा उजवा पाय एकदम मागं जाई, सगळ्यांचे खांदे एकदम झुकत. आप्पांना मानाची खुर्ची दिली होती, पण ते बसेनात.

“कोपऱ्यात वाळू दाबताना अंगठा बघ, अंगठा! माझाच हाय त्यो!” ते शेजाऱ्यांना ढोसून सांगत होते.

लोखंडाचा लाल रस ओतला गेला. संध्याकाळी निवलेला साचा फोडला, तर आतून पंप डागाविना निघाला. टाळ्या थांबेनात. वैजयंतानं मनातल्या मनात हात जोडले. चाळीस जणांतली सुवर्णा चौगुले, मंदीत गिरणी सुटलेली बाई, पेढा घेऊन तिच्यापुढे आली. वैजयंता पेढा घ्यायला वाकली आणि सुवर्णाचा हात उठला. आधी पूर्ण तळवा डोक्यावर टेकला, मग दोन हलक्या थापट्या, मग अंगठा भांगावरून खाली उतरला.

“आप्पा,” वैजयंताच्या तोंडून निघून गेलं.

सुवर्णानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. “अगं बाई! माफ करा मॅडम. हात आपसूक गेला.”

वैजयंताला उमगलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा केल्याशिवाय आप्पा ठेव द्यायला तयार नव्हते. कसब टिपणारी टोपी डोक्यावर ठेवूनच त्यांनी पूजा केली होती, पाया पडणाऱ्या लेकीला, विद्यार्थ्यांना, सगळ्यांना आशीर्वाद दिले होते. टोपी काढा म्हणायचा धीर कुणालाच झाला नव्हता, आणि तो आशीर्वादही कसबाबरोबर टिपला गेला होता. त्यानंतरही आप्पा दरवर्षी तिच्या डोक्यावर हात ठेवत. पण त्यांची बोटं केसांवरून अशी फिरत, जणू काचेवरचा ओरखडा शोधताहेत. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“मॅडम, हे काढता येईल का?” सुवर्णानं आवाज खाली आणला. “घरी लेकीच्या डोक्यावरनं पण हात असाच फिरतोय. ती म्हणती, आई, हे तुझं न्हाई. माझं कसं होतं, ते मलाच आठवंना झालंय.”

“कसबातच विणलं गेलंय ते,” वैजयंता म्हणाली. “एक धागा ओढला तर सगळंच उसवेल.”

“काय झालं गं?” आप्पा जवळ आले होते. सुवर्णानं खाली मान घालून सांगितलं. ते तिच्या वाळूनं माखलेल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची रोजची पांढरी टोपी काढली.

“माझा बाप असाच हात ठेवायचा,” ते म्हणाले. “ठेव बघू, बाई.”

आणि सगळ्या गावासमोर ते तिच्यापुढे वाकले. सुवर्णाचा हात उठला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मागं भट्टीच्या उजेडात उरलेले एकोणचाळीस जण आपापल्या तळव्यांकडे बघत उभे होते.