उसना कान

पुतळ्याचा कान कोण बघतो हो? तुम्हीही असंच म्हणाल. खराडीच्या सोनबा आबांचा मुलगा रणजित हेच म्हणाला होता. पण हिरा वीस वर्षं विश्रांतवाडीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलेल्या माणसांचे अर्धपुतळे घडवत होती. तिला ठाऊक होतं, नाक जरा चुकलं तर घरचे चालवून घेतात. कान चुकला की "काहीतरी वेगळंच वाटतंय" म्हणतात आणि गप्प बसतात.

आबांचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. फेटा एका बाजूला कलंडलेला, उजवा कान पार झाकलेला. डाव्यावरून उजवा करावा, तर कुठल्याच माणसाचे दोन कान सारखे नसतात. तिला हे काम शिकवणाऱ्या सरांनी दिलेला प्लास्टरचा कान तिनं लावून पाहिला. पण तो पडला नारायण पेठेतला, दुपारी निवांत झोपणाऱ्या माणसाचा कान. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर तो काही केल्या बसेना.

रविवारी सकाळी तिचा नवरा रामदास शेडच्या दारात मटार सोलत बसला होता. ऊन कानातून आरपार आलेलं. हिरा बघतच राहिली. आबांच्या डाव्या कानाचा सख्खा भाऊ शोभावा असा उजवा कान, आणि तो तिच्या घरातच!

"अहो, हलू नका. कान द्या जरा."

"घे बाई. तुझं ऐकून ऐकून झिजलाच आहे तो."

तासाभरात कान झाला. असा झाला की तिचं तिलाच हसू फुटलं. आणि लगेच सरांची आठवण आली. सरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा पुतळाही तिनंच केला होता. सर अस्सल पुणेरी, प्रत्येक गोष्टीला त्यांचा एक नियम. एकदा दोघंच असताना म्हणाले होते, "हिरे, जिवंत माणसाचं काही मेलेल्याला उसनं देऊ नये. द्यावंच लागलं तर काम झाल्यावर तेवढी माती वेगळी काढायची आणि नदीत सोडायची. मातीच्या पिंपात परत टाकायची नाही." का, ते काही सांगितलं नाही. "सगळंच सांगितलं तर तुला डोकं कशाला दिलंय?" म्हणाले.

हिराच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. तिनं पुतळ्यावर ओला फडका टाकला आणि मटारउसळीच्या तयारीला लागली.

सोमवारी रामदास म्हणाला, कानात दडा बसलाय. मंगळवारी उजव्या कानानं काहीच ऐकू येईना. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. कान स्वच्छ, पडदा शाबूत. थेंब दिले. पण रामदास खराडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. उजवा कान म्हणजे खिडकीचा कान. मागून येऊन पुढे घुसणाऱ्या प्रत्येक गाडीचा हॉर्न त्या कानावर पडायचा.

"रजा घ्या हो," हिरा म्हणाली. तो तिच्या डावीकडे, उजवा कान तिच्याकडे करून जेवायला बसला होता. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"आरसे आहेत की," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी आबांच्या पत्नी, मथुराबाई, माती पास करायला आल्या. माती एकदा घरच्यांनी पास केली की मगच साचा काढायचा, अशी रीत. रणजित त्यांना सोडून गाडी लावायला गेला. बाहेर रणरणतं ऊन, पत्रा तापून तडतडत होता. आत मात्र गार होतं. ओल्या मातीचा तो जुना, विहिरीच्या तळाचा वास. हिरानं फडका काढला. म्हातारी पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली.

"त्येच हायेत," ती शेवटी म्हणाली. "पन बाई, पंधरा वर्सं यान्ला ऐकू येत न्हवतं. उजवा कान तर ठार बहिरा. किती सांगायचं ऱ्हाऊन गेलं…"

हिराच्या हातातला फडका टपटप गळत राहिला. म्हातारी पुढे झाली. पुतळ्याच्या उजव्या कानाशी तिनं तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, "अवो… पोरानं आपली हीर बुजवली. म्या सांगितलं न्हाई तुमास्नी. रागावू नगा."

हिराचा फोन वाजला. रामदास होता. त्याचा श्वास लागला होता.

"हिरा… आत्ता कुणीतरी बाई माझ्या कानात बोलली. त्याच कानात. विहीर बुजवली म्हणे… कुणाची विहीर गं?"

"गाडी कुठंय?"

"पुलाच्या कडेला घेतलीय. मी दचकून मागे बघितलं आणि डंपर… अगं, केसानं वाचलो. कंपनीची चौतीस पोरं आहेत मागे."

हिरानं फोन ठेवला. तिनं खुंटीवरची माती कापायची तार काढली. म्हातारीला काय कळलं कोण जाणे. ती पुतळ्याच्या आडवीच आली.

"नगं, पोरी… आता कुठं ऐकाया लागल्यात…"

"मावशी, माझ्या माणसाचा कान आहे तो. सरका."

"एकच गोष्ट सांगू दे. एकच…"

हिराला रडू फुटलं. पण तिनं म्हातारीचा दंड धरून तिला बाजूला केलं आणि तार ओढली. कान अल्लद तळहातावर आला. खरं सांगू? तो कोमट होता. तिनं मूठ आवळली, बोटांमधून माती बाहेर आली, आणि वीस वर्षांची सवय असलेला हात आपोआप वळला. पिंपाचं झाकण उघडलं, मूठ आत सोडली, वरून दोन दणके दिले, ओलं पोतं पसरलं. माती वाया घालवायची नसते. वीस वर्षं हीच माती. साचा निघाला की चेहरा मोडायचा, पिंपात टाकायचा, मळायचा आणि त्यातूनच पुढचा माणूस उभा करायचा.

मथुराबाई निघून गेल्या. पुतळ्याच्या उजव्या बाजूला नुसती सपाट जागा राहिली होती. तिथे सरांचा प्लास्टरचा कान बघून करू, कुणाला काय वाटायचं ते वाटो, असं हिरानं ठरवलं.

सहाच्या सुमारास रामदास शेडच्या दारात आला, तो हसतच. "सुटला गं दडा! तुझा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत सुटला."

ती त्याच्या उजवीकडे गेली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "चहा?"

"आलं घालून."

हिरानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. तो तिला थोपटत राहिला. मग थोपटणारा हात थांबला.

"हिरा, आत कोण आहे?"

"कोणी नाही. का हो?"

"पुष्कळ माणसं आहेत गं… सगळी एकदम बोलतायत. बायका आहेत… एक लहान पोरगीही आहे." तो उजव्या कानावर हात दाबून उभा राहिला. "हात लावला तरी थांबत नाहीत."

हिरानं आपल्या नखांकडे पाहिलं. नखांत माती होती. शेडमध्ये काहीच हलत नव्हतं. पिंपावरचं पोतं होतं तसंच होतं.

"थांब," रामदास म्हणाला. "त्यातला एकजण तुझं नाव घेतोय. जरा चिडलेला वाटतोय."

"काय… म्हणतोय?"

त्यानं मान कलती केली आणि नीट ऐकलं.

"म्हणतोय, हिरे, वेगळी काढ म्हटलं होतं ना?"