गुळगुळीत दार

फोन खाली ठेव, कोल्टन. तो फोटो मला दाखवू नकोस, मी ती गाडी ओळखतो. चोपन्न सालचा शेवरोले पिकअप, गडद हिरवा, पुढून बसका केलेला, आत नवं इंजिन. उद्या दोघे भाऊ बघायला निघालात ना? जरूर जा. पण आधी रॉइस टॅकेटचं काय झालं ते ऐका. मग तुझी ती बिअर घशाखाली उतरते का बघू.

रॉइस वीस वर्षं माझा शेजारी होता. जुन्या गाड्यांच्या कामात त्याचा हात धरणारा आख्ख्या काउंटीत नव्हता. ही गाडी त्याला म्हाताऱ्या आयोनी बीझलीच्या कोठारात मिळाली. तिचा नवरा अर्ल एकाहत्तर साली या गाडीपायीच गेला. अंगणातून चोर गाडी घेऊन निघाला, अर्लनं धावत जाऊन चालवणाऱ्याच्या बाजूच्या, डाव्या दाराची मूठ पकडली. चोर थांबला नाही आणि अर्लनं सोडली नाही. लॉस्ट म्यूल ओढ्याच्या पुलापर्यंत दोन मैल, सगळा खडीचा रस्ता. चोर पुलावर गाडी टाकून पळाला, तेव्हा अर्लला गुडघ्याखाली काही उरलं नव्हतं. बोटं मात्र मुठीवरच होती. शेरीफनं ती एकेक करून उघडली.

म्हातारीनं गाडी दिली, पण एका अटीवर.

"बाकी काय हवं ते कर. ती मूठ तेवढी काढू नकोस. त्याला धरायला तेवढंच आहे रे."

"नाही काढत, आयोनीबाई. शब्द देतो."

म्हातारी वारली आणि महिन्याभरात त्यानं मूठ काढली. दोन्ही दारांच्या मुठी काढायच्या, भोकं बुजवायची, वरून रंग द्यायचा, आतलं बटण दाबलं की दार उघडतं. या गुळगुळीत दारांसाठी लोक लांबून यायचे त्याच्याकडे.

"शब्द दिला होतास ना तू?" त्याची बायको डार्ला म्हणाली.

"मेलेल्या माणसाला मूठ कशाला लागते गं?" रॉइस हसला. मुठी भंगारात गेल्या, आणि भंगार दाबयंत्रात. हे डार्लानं डोळ्यांनी पाहिलं.

गिऱ्हाईक मिळालं बार्टल्सव्हिलचं. अठरा ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, रात्रीचे नऊ चाळीस. गाडी पोचवायला रॉइस पुढे, त्याला परत आणायला डार्ला आपल्या गाडीतून मागे. रॉइसची काच खाली, डावं कोपर खिडकीबाहेर. तशीच चालवायचा तो, थंडी असो नाहीतर ऊन. वारा छान सुटला होता आणि रॉइस शीळ घालत होता.

बीझलीच्या फाटकापाशी दारावर बाहेरून थाप पडली.

सपाट तळव्याची. मग तळवा खाली घसरत गेला... पुन्हा वर आला... चाचपत. रॉइसनं आरशात पाहिलं. डार्लाच्या गाडीचे दिवे, बाकी काही नाही.

फोन वाजला.

"रॉइस, थांब! तुझ्या दाराशी माणूस आहे!"

"कसला माणूस?"

"धावतोय तुझ्याबरोबर... अरे, त्याला धरायला काही सापडत नाहीये..."

थाप. घसरण. थाप.

मग शांत झालं...

आणि रॉइसच्या कोपराला पाच बोटं आवळली.

त्यानं ब्रेक दाबायला हवा होता. नंतर हे तो स्वतःच मला सांगायचा आणि रडायचा. त्या रात्री त्यानं वेग वाढवला. झटकून टाकीन म्हणून. त्या चोरानं केलं तेच. आख्ख्या माणसाचं वजन त्याच्या हाताला लोंबकळलं.

"पडला तो! फरपटतोय! रॉइस, थांबव!"

साठ. सत्तर.

खांदा निखळला. कातडी फाटली. रक्त काचेवर उडालं. बोटं सुटेनात.

ऐंशी.

डार्ला आता ओरडत नव्हती. नुसती पुटपुटत होती. "गुडघे... त्याचे गुडघे..."

पूल.

कठडा.

...

रॉइस वाचला. हात खांद्यापासून गेला. शेरीफच्या कागदावर लिहिलंय, कठड्यानं तुटला. पुढे तीन वर्षं जगला बिचारा, पण रिकाम्या बाहीला कुणी ओढतंय म्हणून रात्र रात्र जागायचा.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणायला मीच गेलो होतो. पुढचा भाग चेपलेला, डावं दार मात्र जसंच्या तसं, गुळगुळीत. पुढे डार्लानं ती कवडीमोलानं विकून टाकली. आता कुणीतरी पुन्हा उभी केलेली दिसतेय. उचल तो फोन, कोल्टन. उजव्या दाराला मूठ आहे?

"नाही. गुळगुळीत आहे."

आणि डाव्या?

"नीट दिसत नाहीये."

मोठा करून बघ फोटो.

"आहे. जुनी, झिजलेली. चार बोटांच्या जागा चकाकतायत... आम्ही तर म्हणत होतो, घेतल्यावर ती काढून टाकू."