रिकाम्या घराचं फडकं

वडिलांना उचलून आपल्या घरी आणायचं, एवढंच काम होतं. लेक बसवर कंडक्टर. सकाळची ड्युटी संपली तसं तिने तिकिटांचं मशीन डेपोत जमा केलं आणि अंगावरच्या गणवेशातच ती नदीकाठच्या खालच्या आळीत उतरली. पाणी गुडघ्याएवढं होतं. रोज शेकडो उतारूंना "पुढे सरका, जागा करा" म्हणून हलवणारी बाई ती. हटून बसलेल्या माणसाला जागचं उठवण्यात तिचा हात धरणारं डेपोत कुणी नव्हतं. पण घरचा उतारू वेगळा असतो.

बाबा वरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. खोलीभर रंधा मारलेल्या लाकडाचा वास होता. हाडाचे सुतार ते, आळीतली निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हातची. आईला जाऊन वर्ष झालं, आणि या वर्षात त्यांनी स्वतःच्या घरातलं एकेक दार उतरवून त्याला रंधा मारला होता. इतका, की आता एकही दार चौकटीत बसत नव्हतं. वारा आला की सगळी दारं आपापल्या जागी हलत राहायची.

त्याला कारण होतं. आळीची जुनी रीत अशी की, पूर आला की घरातून शेवटी निघणाऱ्याने वरच्या खिडकीला पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसलं म्हणजे घर रिकामं. नाववाल्याने थांबायचं नाही, पुढचं घर गाठायचं. आईचं तर सगळंच काम वेळेआधी. गेल्या पुरात तिने बाबांना नावेतल्या उरलेल्या एका जागी बसवलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच पुढच्या फेरीला" म्हणाली, आणि नाव परत यायच्या आतच फडकं बांधून मोकळी झाली. मग तिला आठवलं, बाबांचा चष्मा खालीच राहिला. ती खालच्या खोलीत गेली. पाण्याने दार फुगून चौकटीत रुतलं ते रुतलंच. नाव परत आली. नाववाल्याने फडकं पाहिलं आणि तो पुढे गेला. बाबा चढावरच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून येणाऱ्या प्रत्येक नावेतल्या बायकांकडे डोळे बारीक करून बघत राहिले. ती सापडली तेव्हा चष्मा तिच्या मुठीत होता. दार बाबांनीच केलेलं होतं.

"बाबा, चला."

"तू हो पुढे."

"हेच आई म्हणाली होती," ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

बाबांना राग आला नाही. ते म्हणाले, "म्हणून तर. ती घरात आहे. तिला पुन्हा एकटीला कसं टाकू?"

रडू आलं की ती कामाला लागायची, आईसारखीच. तिने औषधं पिशवीत भरली, कपड्यांचा एक जोड भरला. खाली पाणी वाढत होतं. भांडी तरंगत एकमेकांवर आपटत होती आणि त्यांचा आवाज फळ्यांमधून वर येत होता. आता चालत जाणं शक्य नव्हतं, नावेचीच वाट बघायची. तिने दांडीवरचा पांढरा टॉवेल ओढला आणि खिडकीच्या कडीला बांधला.

"झालं. घर रिकामं झालं. आता तरी उठा."

"अगं, घरात माणसं असताना फडकं बांधू नये."

"नाव दिसली की हाक मारू ना! माझा आवाज अख्ख्या बसला पुरतो."

ती दुसऱ्या खोलीत छत्री शोधायला गेली. परत आली तर टॉवेल सुटलेला होता आणि चौकटीवर घडी घालून ठेवलेला.

"पोरखेळ लावलाय का, बाबा?"

बाबा खुर्चीतच होते. "मी उठलो नाही गं."

"हो, टॉवेल आपणहून सुटला. बरोबर." टपावरचं सामान बांधतात तशी तिने डबल गाठ मारली, दातांनी आवळली. मग बाबांचा हात धरून त्यांना जबरदस्तीने जिन्याच्या तोंडाशी नेलं. "बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा किती चढलंय ते."

पाणी निम्मा जिना गिळून बसलं होतं. काळंभोर, चिखलाच्या वासाचं. एक उघडं दार त्यात हळूहळू मागेपुढे होत होतं. बाबांचा हात तिच्या हातात होता, थंडगार. मागे खोलीत काहीतरी ठिबकलं. टप... टप... छप्पर तर गळत नव्हतं. दोघंही वळली नाहीत.

"बाबा... खोलीत कुणी आहे का?"

"मघापासून तेच सांगतोय..."

वळायला तिला फार धीर गोळा करावा लागला. खिडकी मोकळी होती. टॉवेल चौकटीवर होता, लांबीत तिहेरी दुमडून मग मधोमध घडी घातलेला. बाबांनी जन्मात कधी टॉवेलची घडी घातली नव्हती. अशी घडी या घरात एकाच बाईची. गाठ कुणी तोडली नव्हती, कापली नव्हती. निगुतीने सोडवली होती. टॉवेलला नदीचा वास येत होता.

तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त आईची आठवण आली. टॉवेल छातीशी धरून ती बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिसऱ्यांदा बांधायची तिची छाती झाली नाही. बाहेर पाऊस असा कोसळू लागला की समोर बसलेल्या बाबांचं बोलणंही ऐकू येईना. तरी ती खिडकीतून हाका मारत राहिली. जो आवाज अख्ख्या बसला पुरायचा तो समोरच्या भिंतीपर्यंतही पोचेना.

उजेड मंद होत आला तेव्हा खिडकीच्या चौकटीवर बांबू वाजला. खाली नाव होती. नाववाला तोच, गेल्या वर्षीचा.

"कोण आहे वर? उतरा लवकर! ही शेवटची फेरी!"

"काका! ऐकल्या ना माझ्या हाका?"

"कसल्या हाका? या पावसात माझा मला आवाज येत नाही." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "सगळ्या आळीला फडकी आहेत. तुमच्याच खिडकीला दिसलं नाही, म्हणून वळलो." त्याने बांबू रोवून नाव धरली. "फडकं असतं तर गेलो असतो, ताई. तेव्हासारखाच."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते खुर्चीवरून उठले, स्वतःहून. रिकाम्या खोलीकडे वळून, आईला घेऊन बाजाराला निघताना म्हणायचे तसं हलकेच म्हणाले, "येतेस ना?"

एक दार तेवढं हललं.

नाववाल्याने दोघांना खिडकीतून उतरवून घेतलं. टॉवेल तिच्या मांडीवर होता. तो बांधायचं तिला सुचलंच नाही. नाव आळीच्या मध्यावर आली तशी नाववाल्याची दमछाक झाली. "आज हिला झालंय काय?" तो स्वतःशीच पुटपुटला. "माणसं तीन, आणि चालतेय कशी जड."

तिने मागे वळून पाहिलं. त्यांच्या वरच्या खिडकीला पांढरं फडकं बांधलेलं होतं. पावसात भिजून चौकटीला चिकटलेलं. तिने मांडीवर हात नेला. टॉवेल तिथेच होता, तिहेरी घडीचा.

बाबांनी मागे पाहिलं नव्हतं. चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळत होतं.

"फडकं बांधलंय ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा. बांधलंय."

"मग घरात कुणी नाही," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या दुसऱ्या अंगाला, फळीवर, गार ओलावा पसरत आला होता. तिकडे न बघता ती थोडी सरकली आणि तिने जागा करून दिली.