दांड्यावरचं कुलूप

एबी नावाचा आमच्याकडचा वारा सुटला की आमच्या खिंडीत माणसं तिरकी चालतात. त्याच वाऱ्यावर आता नव्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण त्यांची वीज पेलायला जुन्या तारा पुरेनात. म्हणून ऐन थंडीत जाड तारा ओढायचं काम निघालं. सबस्टेशनवर मी आणि तारांवर माझा नवरा मुखित. धड भांडायलाही वेळ मिळत नव्हता.

मनोऱ्यावर चढण्याआधी प्रत्येक लाइनमन बंद स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालतो. खाली आला की स्वतःच काढतो. कुलूप लटकतंय म्हणजे त्याचा मालक वर आहे, लाइन चालू करायची नाही.

माझे वडील याच लाइनवर गेले. वादळात सगळे उतरले, असं कुणीतरी सांगितलं. त्यांचं कुलूप कापलं आणि लाइन चालू केली.

एका संध्याकाळी सगळ्यांनी आपापली कुलपं काढली, तरी एक उरलं. जुनं, पितळी, निळा रंग उडालेलं. वडिलांच्या कुलपाला तो रंग लहानपणी मीच फासला होता.

आमचे साहेब ओरिनबासार, ज्यांना सगळे मानानं आगाय म्हणतात, ते वैतागले. लाइन बंद म्हणजे अख्खं गाव अंधारात आणि गारठ्यात. सगळी माणसं समोर उभी आहेत, कुणीतरी चेष्टा केलीय, कापून टाका, म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. मुखित हसला.

"सासरेबुवा, जावई सोडवतोय हो तुम्हाला," असं म्हणून त्यानं कटर चालवला.

गावात दिवे लागले. काहीच झालं नाही. जेवताना तो मला भित्री भागूबाई म्हणून चिडवत राहिला आणि मलाही माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वारा फारच चढला. आगायांनी दुपारीच सगळ्यांना उतरवलं. मुखित शेगडीपाशी येऊन बसला. मी त्याला दूध घातलेला चहा दिला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्विचचा दांडा बघायला गेले.

एक कुलूप होतं. त्यावर आमच्या लेकीनं बाबासाठी चिकटवलेलं उंटाचं चित्र होतं.

"काढायचं विसरलास," मी म्हटलं.

"काढलं की." त्यानं किल्ली दिली. ती कुलपात फिरेना.

बाहेर अंधारून आलं होतं. गावातून फोनवर फोन येत होते, घरात पोरं काकडतायत म्हणून. आगायांनी कटर माझ्या हातात दिला.

"रायखान, नवरा समोर बसलाय तुझा. आता कुणाची वाट बघतेस?"

"काप गं," मुखित म्हणाला. "मी खालीच आहे."

मी कटर कुलपाला लावला आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

शेगडी रसरसली होती. बाकीच्यांच्या टोप्यांवरून पाणी ठिबकत होतं.

त्याच्या मिशीवरचा बर्फ तसाच होता.