मुकादमाची फुंक

त्यांना सगळे फुंकणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. छातीच्या रोगाची भरपाई मागणारा कामगार आला, की त्याच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि खड्या आवाजात ओरडायचं, "भरा, भरा, भरा... फुंका! फुंका, फुंका... लावा जोर! थांबू नका!" नळीच्या दुसऱ्या टोकाला यंत्राचा भाता. छातीत जेवढा वारा तेवढा भाता वर चढे, आणि कागदावर लेखणी तेवढी रेघ ओढी. एकमेकींशी जुळणाऱ्या तीन रेघा मिळाल्या की बाई खाली सही करत. त्या सहीवर माणसाचा दावा तरे, नाहीतर बुडे.

सोंगं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. जिना धडाधड चढून आलेला गडी नळी दिसताच अर्धमेला होई. बाई त्याला शांतपणे म्हणत, "दादा, जिन्यावर ठेवलेला श्वास घेऊन या, मी थांबते." मग गडी ओशाळून नीट फुंके.

त्या दुपारी जे आले त्यांना मात्र सोंगाची गरज नव्हती. बोगद्यातल्या टोळीचे म्हातारे मुकादम. बायकोच्या खांद्यावर हात टाकून जिना चढायला त्यांना इतका वेळ लागला, की बाईंचा चहा निवून गेला. आधी रेल्वेचा बोगदा फोडताना आणि मग त्यातले रूळ बदलताना उडालेली दगडाची पूड त्यांनी जन्मभर श्वासाबरोबर घेतली होती. रेल्वेचं म्हणणं, रोग कसला, वय झालंय.

"टोळीतले बाकी सगळे याच खोकल्यानं गेले," मुकादमांची बायको म्हणाली. "त्यांच्या बायकांचे दावे लोंबकळत पडलेत. मेलेल्या माणसाची फुंक कशी मोजणार, असं म्हणतात. यांचं सिद्ध झालं, तर त्याच बोगद्यातली माणसं म्हणून त्यांचंही सुटेल. सगळ्याजणी यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसल्यात, बाई."

"बसा तुम्ही बाहेर, आई. काळजी करू नका," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, यात तपासायचं काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

वाऱ्यानं यंत्र बिघडू नये म्हणून तपासणीच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असत. नियमाप्रमाणे रेल्वेचे वकील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर टोपी, चेहऱ्यावर जांभई. बाईंनी मुकादमांना बसवलं, चिमटा लावला आणि नेहमीसारखा आवाज चढवला.

"भरा, भरा... फुंका! लावा जोर!"

भाता सरसर वर गेला. लेखणी धावली आणि एखाद्या पैलवानाला शोभेल अशी रेघ ओढून थांबली.

वकिलांची जांभई अर्ध्यावर राहिली. "वा! कागद घ्या, सही करा. हा तर माझ्याहून तगडा आहे!"

"तीन जुळाव्या लागतात, साहेब," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही गोंधळ उडाला होता. त्यांनी नवी नळी लावून स्वतः फुंकून पाहिलं. भाता रोजच्या जागी येऊन थांबला. यंत्रात काही खोट नव्हती. मुकादम खाली मान घालून बसले होते. हातपाय काटक्यांसारखे, ओठ निळसर. एवढा वारा आला कुठून?

"पुन्हा एकदा, बाबा. भरा, भरा... फुंका! लावा जोर, थांबू नका!"

या वेळी आधी वास आला. ओल्या दगडाचा, रॉकेलच्या दिव्याचा, घामाचा. बंद खोलीत एकाएकी भुयारासारखा गारवा पसरला. भाता वर चढला, आणखी वर चढला; लेखणी कागदाची कड ओलांडून लाकडावर खरखरत गेली. मुकादमांना खोकल्याची उबळ आली, त्यांनी नळी तोंडातून काढून बाजूला धरली...

भाता चढतच होता.

नळीचं तोंड हवेत मोकळं होतं. त्याला कुणाचेच ओठ नव्हते. तरी आतून वारा घुमत होता, आणि भाता थरथरत पार टोकाला जाऊन टेकला. वकिलांची टोपी मांडीवरून घरंगळली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

बाईंच्या अंगावर काटा आला. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण भीतीहून मोठं काहीतरी वाटलं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं, तसं.

"बाई..." मुकादम कुजबुजले. दोन शब्दांमध्ये त्यांना श्वास शोधावा लागत होता. "यंत्राची... चूक नाही. ती माझी माणसं आहेत."

"कोण माणसं?"

"टोळीतली. रूळ उचलणं... एकट्याचं काम नव्हे. मी 'लावा जोर' म्हणायचो, की सगळ्यांच्या पहारी... एकदम. कुणाच्या अंगात ताप असला, तर त्याच्या वाटणीचा जोर... बाकीचे लावायचे. मुकाट्यानं. आणि मी 'विसावा' म्हणेपर्यंत... कुणी खांदा काढायचा नाही." ते थोडे थांबले. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही. "शेवटी शेवटी मला हाक मारायला... श्वास पुरेना. आज इतक्या वर्षांनी माझ्यापाशी कुणीतरी 'लावा जोर' म्हणालं. धावत आले बिचारे. मुकादमाला... वारा कमी पडतोय म्हणून."

ती भोळी माणसं मदतीला आली होती, आणि त्या मदतीनं आपल्याच बायकांच्या तोंडचा घास काढून घेत होती.

"मग सांगा ना त्यांना, बाबा... थांबा म्हणावं."

"हाकेतच सांगावं लागतं. आणि हाकेला वारा लागतो..." मुकादमांनी हात पसरले. "तो असता, तर मी इथं... कशाला आलो असतो?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना समजलं. त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि आयुष्यात कधी ओरडल्या नसतील इतक्या मोठ्यानं ओरडल्या,

"विसावा!"

फरशीखाली, खूप खोल, लोखंड दगडावर टेकल्याचा आवाज झाला. एक पहार, मग दुसरी, मग एकदम कितीतरी. त्यामागून एक लांबलचक निःश्वास खोलीभर फिरला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, आणि भाता हळूहळू खाली बसला. वकिलांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या वेळा बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसता हात वर केला, हात खाली केला. मुकादमांनी फुंकलं. भाता जेमतेम चार बोटं वर आला आणि लुळा पडला. पुन्हा चार बोटं. पुन्हा चार बोटं. कागदावर तीन बारीक, थकलेल्या रेघा उमटल्या, एकीसारखी दुसरी. बाईंनी सही केली. वकिलांनीही केली, घाईत दोनदा केली.

"यंत्र जुनं झालंय," ते पुटपुटले. त्यानंतर ते त्या खोलीत कधी आले नाहीत.

दावा मंजूर झाला. बाकीच्या बायकांचेही एकामागून एक सुटले. हे सांगायला मुकादमांची बायको जिना चढून आली, ती एकटीच.

"निकाल ऐकून गेले," ती म्हणाली. "पण फार तडफडले हो, बाई. हवेसाठी. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, कुणाला तरी बोलावल्यासारखे. आवाजच फुटेना."

ती गेल्यावर बाई कागद आवरायला बसल्या. ऊन कलत होतं. यंत्र बंद होतं, नळी खुंटीला टांगलेली होती. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत भाता उचलला गेला. चार बोटं. तिथंच अडखळला, थरथरला, लुळा पडला. पुन्हा चार बोटं.

ती फुंक बाईंनी ओळखली. अजूनही? मेल्यावरसुद्धा या माणसाला श्वास पुरू नये? त्यांना राहवलं नाही. त्या यंत्रापाशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"लावा जोर."

गारवा आला, दगडाचा वास आला. भाता एका दमात वर गेला, टोकाला टेकला आणि तसाच उभा राहिला. भरलेल्या छातीसारखा. त्यांनी वाट पाहिली. तो खाली येईना. मग त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडेही कुणीतरी वाट पाहतंय. तो शब्द त्यांनीच म्हणायचा होता. ती हाक देणारं जिवंत माणूस दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"विसा..." बाईंनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कित्येक वर्षांनी म्हाताऱ्याला छातीभर हवा मिळाली होती. ती कुठल्या तोंडानं काढून घ्यायची?

त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त करणारा आला. त्यानं दोन्ही हातांनी भाता दाबून पाहिला, शेवटी त्याच्यावर बसला. भाता तसूभर हलला नाही. ते यंत्र मागच्या अडगळीच्या खोलीत गेलं, त्याच्या जागी नवं आलं. बाई आता कुणावर ओरडत नाहीत, हातानंच खुणा करतात. लोकांना वाटतं, घसा बसला असेल. घरी बहीण चुकून म्हणाली, "जरा विसावा घे गं," तर बाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

दुपारी सामसूम झाली की त्या अडगळीच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. आतून श्वास ऐकू येतात, खांद्यावर ओझं पेललेल्या पुष्कळ माणसांचे, एका तालात. पहिल्या दिवशी ते ऐकून बाईंचे हात आपोआप जोडले गेले होते.

अलीकडे मात्र त्या श्वासांना धाप लागल्यासारखी वाटते.